मरीआईचा गाडा दिल्लीतून सुटला

मरीआई आमची. म्हणजे होती. गावात पटकी शिरली की पाटलाच्या वाड्यावरून सांगावा यायचा, महारवाड्याला आणि मांगवाड्याला. मग हलगी कडाडायची. पोतराज अंगावर कोरडे ओढायचा. लाकडाचा गाडा सजायचा, त्यात लिंबू, नारळ, हिरवा चुडा, चोळीचा खण. रात्रीच्या अंधारात आमची माणसं तो ओढत नेऊन शिवेवर सोडून यायची. दुसऱ्या रात्री पलीकडच्या गावचे आमच्यासारखेच लोक तो त्यांच्या शिवेपार करायचे. रोग साऱ्या गावाचा, ओढणार आम्ही. गाव दारं लावून आत बसायचं. ओढणाऱ्यांतले दोघं-चौघं त्याच आठवड्यात आडवे व्हायचे, तेव्हा गाव म्हणायचं, देवीने घेतले. म्हणजे देवी पावली.

आमच्या आईने हे डोळ्यांनी बघितलंय. करमाळ्याकडचं गाव. ती नऊ-दहा वर्षांची असेल. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला, त्यानंतर तिच्या बापाने मरीआईचा दगड ओढ्यात नेऊन टाकला आणि हलगी चुलीत घातली. कातडं जळल्याचा वास दोन दिवस घरात होता म्हणते. पुढे लग्न होऊन ती मुंबईत आली, एकतीस वर्षं रस्ते झाडले, रिटायर झाली. देवी सुटली, झाडू सुटला नाही. पण ते वेगळं.

हे सांगायचं कारण २२ मार्च २०२०. चवदार तळ्याच्या दिवसाला दोनच दिवस उलटले होते. पंतप्रधानांनी सांगितलेलं की संध्याकाळी पाच वाजता टाळ्या-थाळ्या वाजवा, आपल्यासाठी राबणाऱ्यांचे आभार माना. आमच्या चाळीसमोर टॉवर आहेत. पाचचा ठोका पडला आणि उठला की हो गदारोळ! ताटं, पराती, देवघरातल्या घंटा, शंख, कुकरची झाकणं. काही जण तर खाली उतरून मिरवणुकीने निघाले, दुसऱ्याच्या अंगाला अंग घासत. आई दुपारची पडली होती, दचकून उठली. "कुठल्या गावाला पटकी आली रं?"

मी म्हटलं, "आई, साऱ्या देशाला."

ती गॅलरीत आली. टॉवरकडे बघत राहिली. आणि मग जी हसायला लागली ती खोकला लागेपर्यंत. त्या दिवसांत खोकायचीही चोरी होती, शेजारची दोन दारं लागली. आई म्हणाली, "आरं, ह्ये तर आपलं काम! आपून सोडलं, ह्येनी धरलं. आता ह्येस्नी बलुतं कोन देनार?"

समीक्षकांनी यात प्रतिमा शोधू नये. म्हातारी एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

ताट रिकामं असलं तरच वाजतं, हेही त्या दिवशी चाळीतच कुणीतरी बोललं. भरल्या ताटाचा आवाज येत नाही. पुढच्या महिन्याभरात आमच्याकडची ताटं टॉवरपेक्षा छान वाजली असती. पण तेव्हा कुणी वाजवायला सांगितलं नाही.

लगेच मोबाइलवर ज्ञान आलं, की एवढ्या कोटी टाळ्यांची कंपनं एकवटली म्हणजे विषाणू मरतो. शेवटी सरकारच्याच माहिती खात्याला खुलासा करावा लागला, की बाबांनो, नाही मरत. माझ्या आज्याने हलगी वाजवली ती अंधश्रद्धा. बाराव्या मजल्यावरच्या इंजिनिअरने परात वाजवली ती कंपनं. फरक फक्त मजल्याचा.

आता आठवल्यांकडे येतो. येणं भाग आहे, आपल्याच घरातली गोष्ट आहे. २० फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे देशात अजून कुणाला नीट पत्ताही नव्हता तेव्हा, केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले गेटवे ऑफ इंडियाजवळ उभे राहिले. सोबत चिनी वकिलातीचे अधिकारी, चीवर घातलेले भन्ते. आणि घोषणा काय, तर गो कोरोना, कोरोना गो. मार्चमध्ये ती चित्रफीत देशभर फिरली. जगभर फिरली. कुणी तिला चाल लावली, कुणी तिच्यावर नाचलं.

मी पोट धरून हसलो. हसायचीच गोष्ट होती. एकेकाळी पँथर म्हणून रस्त्यावर उतरलेला माणूस, ज्याच्या घोषणेने मंत्रालयाची दारं लागायची, तो आता विषाणूला इंग्रजीत हाकलतो. चाळीतल्या पोरांनी तर धमाल केली. एक म्हणाला, "साहेब सांगतायत ते खरंय, पण कोरोनाला तिकीट कुठं मिळतंय, गाड्या बंद आहेत." २७ ऑक्टोबर २०२० ला साहेबांचाच अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा दुसरा म्हणाला, "त्याला इंग्रजी येत नसेल. 'गो' म्हणजे 'ये' समजला." डिसेंबरात विषाणूचा नवा प्रकार निघाला, साहेबांनी घोषणा बदलली, नो कोरोना, कोरोना नो. सामाजिक न्यायाच्या खात्याने त्या वर्षात एवढी तत्परता दुसऱ्या कशात दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

पण टॉवरचं हसणं आणि आमचं हसणं एक नव्हतं. आमच्या हसण्यात कुठंतरी दुखत होतं. आम्ही आमच्या माणसाला हसत होतो. ते 'आठवले'ला हसत होते, आडनावावर जोर देऊन, जसं वर्गात हजेरीच्या वेळी आमच्या आडनावावर हसायचे तसं. सहा आठवड्यांनी, ५ एप्रिलला, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावायचा हुकूम आला तेव्हा त्यातलं कुणी हसलं नाही. नवाचा आकडा, ग्रहांची दिशा, सगळं गंभीरपणे समजावून सांगितलं गेलं. सगळे दिवे एकदम घालवले तर विजेचं जाळं कोसळेल, अशी भीती नितीन राऊतांनी, तेव्हा राज्याचे ऊर्जामंत्री, बोलून दाखवली. जाळं काही कोसळलं नाही, विजेच्या खात्यातले लोक रात्रभर राबले आणि त्यांनी ते सांभाळलं. म्हणजे दिवे लावणारे वेगळे आणि अंधार सांभाळणारे वेगळे, हे तिथंही होतंच.

त्या रात्री आमच्या चाळीत मेणबत्त्या होत्या. १४ एप्रिलसाठी आणून ठेवलेल्या. एका पोराने पेटवायला काढली तर त्याच्या आजीने हातावर चापट मारली. "ठिव ती. जयंतीची हाय."

तर 'गो'. मराठी माणसाला 'गो' म्हटलं की काय ऐकू येतं? गाय. आमच्यातल्या एका शहाण्याचं म्हणणं असं की सगळा घोटाळा इथंच झाला. आठवले म्हणाले गो, आणि दिल्लीने गाय ऐकली. १४ मार्च २०२० ला दिल्लीत हिंदू महासभेने गोमूत्राची पार्टीच ठेवली. कुल्हडातून पाजलं. पुढे मे २०२१ मध्ये, स्मशानात जागा मिळत नव्हती तेव्हा, भोपाळच्या खासदार प्रज्ञा ठाकूर यांनी सांगितलं की मी रोज गोमूत्राचा अर्क घेते म्हणून मला कोरोना नाही. लोकांनी कपाळाला हात लावला. मला नवल वाटलं नाही. १९२७ साली महाडला आपण तळ्याचं पाणी प्यायलो, तेव्हा गावाने शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं होतं. त्यांचा अनुभव जुना आहे. तेव्हा विषाणू आपण होतो.

आणि मार्च २०२० संपता संपता उत्तर प्रदेशात बरेलीला परत आलेल्या मजुरांना, बायापोरांसकट, रस्त्यावर उकिडवं बसवून त्यांच्यावर जंतुनाशक पाण्याचे फवारे मारले. बस धुवायचं औषध माणसांवर. जिल्ह्याचे साहेब म्हणाले, कर्मचाऱ्यांचा जरा अतिउत्साह झाला. घागरी गेल्या, नळी आली. प्रगती म्हणतात ती ही.

त्या दिवसांत भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं, 'सामाजिक अंतर राखा'. आमच्या गल्लीच्या तोंडाला होतं, त्याखाली कुणी खडूने लिहिलं, 'तीन हजार वर्षं राखतोय'. नंतर म्हणे शब्द बदलला, शारीरिक अंतर म्हणा. बदलला तेव्हा खडू पुसून गेला होता.

दोन गज अंतर. दोन गज म्हणजे सहा फूट. खोली दहा बाय बारा, माणसं सात. मी एकदा कागदावर मांडून बघितलं. चौघं चार कोपऱ्यांत, एक मधोमध, आणि उरलेले दोघं छताला टांगायचे. वीस सेकंद हात धुवा. नळ येतो पाऊण तास, हंडे भरायला रांग चाळीस घरांची, आणि संडासाला त्याहून मोठी. टीव्हीवरचे डॉक्टर सांगत, बाधिताला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास द्या. आई म्हणायची, "बाधा झाली तर फ्लॅट देत्यात का रं? मग मी खोकते."

मुख्यमंत्री मात्र प्रेमाने बोलायचे, हे मान्य केलं पाहिजे. उद्धव ठाकरे घरात बसून बोलायचे, घरातल्या माणसासारखे बोलायचे. ऐकून जीव थंड व्हायचा. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्या सरकारने मोहीम काढली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आमच्या वस्तीला यात नवीन काही कळेना. आमचं कुटुंब कधी दुसऱ्या कुणाची जबाबदारी होतं? आणि ऑक्टोबरात देवळं उघडा म्हणून राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्याच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं, की तुम्ही अचानक सेक्युलर झालात का. राज्यघटनेच्या पहिल्याच पानावरचा शब्द. विचारायची तऱ्हा अशी, की जणू पॉझिटिव्ह आलात का.

महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचं, असं पंतप्रधान २५ मार्चला बोलले. चार तासांच्या नोटिशीवर देश बंद केल्याचा तो पहिला दिवस. आई म्हणाली, "त्या युद्धात आपली मानसं कुठं व्हती?" मी म्हटलं, असतील. अठरा दिवसांची प्रेतं कुणीतरी उचलली असतीलच ना.

२८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण लागलं. प्रकाश जावडेकर, तेव्हा खात्याचे मंत्री, यांनी सोफ्यावर बसून बघतानाचा स्वतःचा फोटो टाकला, मी बघतोय, तुम्ही बघताय का. त्याच दिवशी दिल्लीच्या आनंद विहारला हजारो मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन गावाच्या गाडीसाठी उभे होते. फोटो नंतर काढून टाकला. माणसं काढून टाकता आली नाहीत, ती चालत राहिली. सहा आठवड्यांनी, ८ मे २०२० च्या पहाटे, आपल्या करमाडजवळ रुळांवर १६ जण मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. रुळावर भाकऱ्या-चपात्या विखुरल्या होत्या, त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले. आठवडाभराने सर्वोच्च न्यायालयातून प्रश्न आला, लोक रुळांवर झोपले तर त्यांना कोण कसं अडवणार? आणि सप्टेंबरात लोकसभेत मजूर खात्याचं लेखी उत्तर, की असे किती मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.

मयताचा सांगावा गावोगाव पोचवणं हे महाराचं काम होतं. ऊन असो पाऊस असो, निघायचं. आपण ते काम सोडलं. त्यामुळे दिल्लीला कळलं नसावं.

आता दादाविषयी लिहितो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कंत्राटी सफाई कामगार, कचऱ्याच्या गाडीवर. टाळ्या वाजल्या त्या त्याच्यासाठीच. २२ मार्चला एका सोसायटीने त्याला फाटकात उभं करून टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ घेतला. एप्रिलमध्ये त्याच फाटकासमोर चुन्याचं वर्तुळ आखलं, कचरेवाल्याने इथंच उभं राहायचं. बाधित घरांचा कचरा वरून दोरीने पिशवी सोडून खाली द्यायचे. आई म्हणाली, "आमाला पानी वरनं वतायचे. ह्ये कचरा वततात." कंत्राटदाराने एक मास्क दिला, तो दादा रोज रात्री धुवायचा. संरक्षक पोशाख म्हणून त्याने स्वतःचा रेनकोट घातला. एप्रिल-मेच्या उन्हात मुंबईत रेनकोट. घामाने अंगाला फोड आले, तर म्हणाला, "कोरोना नाही रे, पावसाळा लवकर आलाय."

३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी इस्पितळांवर फुलं उधळली. दादाची पाळी तेव्हा एका मोठ्या इस्पितळाबाहेरच्या रस्त्यावर होती. दुसऱ्या दिवशी पायाचे घोटे धरून बसला होता. त्याच्याकडून मला कळलं की पाकळ्या डांबराला चिकटतात. झाडूने निघत नाहीत, बोटाने खरवडाव्या लागतात. "पुढच्या वेळी म्हणावं दगड टाका," म्हणाला, "दगड उचलायला सोपा."

१४ एप्रिलला आपण घरात राहिलो. पहिली अशी जयंती, की ना मिरवणूक ना भोंगा. दारात रांगोळी, खिडकीत मेणबत्ती, बस्स. ६ डिसेंबरलाही चैत्यभूमीला या नका म्हटलं, आपण नाही गेलो. ज्यांना दरवर्षी घाण करणारे, फुकटे म्हणून वर्तमानपत्रांतून शिव्या घालतात ती माणसं एका शब्दावर घरी बसली. पुढची जयंती, १४ एप्रिल २०२१. त्या रात्री आठपासून महाराष्ट्र पुन्हा बंद झाला. आणि त्याच दिवशी हरिद्वारला कुंभमेळ्याचं शाही स्नान, लाखोंचं. उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत म्हणाले, गंगामाईचा आशीर्वाद वाहतोय, कोरोना व्हायचा नाही. आई टीव्हीसमोर बसली होती. ती काही बोलली नाही. आवाज बारीक केला फक्त.

दादा त्याच महिन्याच्या शेवटी गेला. चार ठिकाणी खाट शोधली. पाचव्या ठिकाणी खुर्ची मिळाली. खुर्चीवर बसवून नळी लावली, आणि पहाटे नळीत काही येत नव्हतं असं शेजारच्या पेशंटचा मुलगा म्हणतो. प्लास्टिकमध्ये बांधून दिला, स्मशानात सतरावा नंबर होता. तिथं प्रेतांना हात लावणारी पोरं कोण आहेत म्हणून बघितलं. दोघांच्या मनगटावर निळा धागा होता.

२० जुलै २०२१ ला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी उत्तर दिलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची स्पष्ट नोंद राज्यांकडून आलेली नाही. बाई नाशिक जिल्ह्यातल्या. त्यांच्याच नाशकात २१ एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात टाकी गळली आणि २२ माणसं तेव्हाच गेली होती. राज्यांनी कळवलं नाही म्हणतात. पुन्हा तेच, सांगावा पोचला नाही.

दादाच्या कागदावर लिहिलं होतं न्यूमोनिया. झटपट चाचणी निगेटिव्ह आलेली, दुसरी करायला वेळ मिळाला नाही. ५० लाखांच्या विम्याची घोषणा झाली तेव्हा अर्थमंत्र्यांनी सफाई कामगारांचं नाव तोंडभरून घेतलं होतं. कंत्राटदाराने रजिस्टर उघडून दाखवलं, त्या महिन्याच्या पानावर दादा नव्हताच. मग सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर ५० हजारांची मदत निघाली, तिच्यासाठी वहिनीने अर्ज भरला. मी सोबत जायचो. एका टेबलावर म्हणाले कोरोनाचा पुरावा आणा. दुसऱ्यावर म्हणाले, हजेरीच्या कागदावर कामगाराची सही आणा. वहिनी म्हणाली, "साहेब, ते वारले." तो म्हणाला, "वारण्याआधीची चालेल."

डिसेंबर २०२१ मध्ये एक दिवस दादाचा मोबाइल वाजला. वहिनी तो अजून चार्ज करून ठेवते. मेसेज होता, अभिनंदन, आपला लसीचा दुसरा डोस यशस्वीपणे झाला. पहिला त्याने मार्चमध्ये घेतला होता, हे खरं. दुसऱ्याला तो कुठून गेला देव जाणे, आणि देव तर आपण ओढ्यात टाकलेला. पोराने दाखला डाउनलोड केला. दादाचं पूर्ण नाव, वय, आणि खाली पंतप्रधानांचा फोटो.

वहिनीने तो छापून आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पुढच्या खेपेला टेबलावर ठेवला. एवढा सरकारी कागद तिच्याकडे दुसरा नव्हता. क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने तो दोनदा वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच परत केला.

"हा जोडू नका बाई," म्हणाला, "यात ते जिवंत आहेत."